गॅलरीतून ऐकलेली सभा

रेडिओवर बोलायला बोलावलं की कवीला बहुधा पावसावर बोलायला सांगतात, नाहीतर आईवर. या वेळी मी विषय मागून घेतला. म्हटलं, नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेवर बोलतो. फोनवरचे गृहस्थ जरा थांबले आणि म्हणाले, ‘‘त्यात काव्य काय आहे?’’ मी म्हटलं, ‘‘काव्य नाही, पाणी आहे. आणि पाणी नसलं की काव्य सुचत नाही, हे आमच्याकडे राहिल्यावर कळतं.’’

आमच्याकडे म्हणजे कल्याणच्या पुढे. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. माझा जन्म अंबरनाथचा, नोकरी उल्हासनगरात झाली आणि काही वर्षं बिऱ्हाड बदलापुरात होतं. त्यामुळे तिन्ही गावच्या सभागृहांत, वरच्या गॅलरीत किंवा मागच्या बाकावर, मी बसलेलो आहे. पुढे जी हकिकत सांगणार आहे ती यांतल्या कुठल्या गावची, हे मात्र मुद्दाम सांगत नाही. तिन्ही गावच्या लोकांना ती आपलीच वाटेल, अशी माझी खात्री आहे.

ही तीन गावं एकाच रेल्वेमार्गावर असली तरी त्यांचे जन्म निरनिराळे. अंबरनाथला शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं शिवमंदिर आहे. उल्हासनगर म्हणजे महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं तिथल्या बराकींत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बदलापूर उल्हास नदीकाठचं. १९८३ साली कल्याणची महापालिका झाली, तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घातले गेले. मी तेव्हा शाळेत होतो. नळाला पाणी आलं नाही की वडील म्हणायचे, ‘‘आता तक्रार करायलासुद्धा तिकीट काढावं लागणार.’’ १९९२ साली दोन्ही गावं बाहेर पडली आणि त्यांच्या नगरपरिषदा उभ्या राहिल्या. उल्हासनगरची महापालिका झाली १९९६ साली. गावाचं सभागृह गावात असणं म्हणजे काय, ते वडिलांच्या त्या तिकिटावरून मला पहिल्यांदा कळलं.

आता सभा कशी चालते ते सांगतो. ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. त्याप्रमाणे सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी निघते. सोबत विषयपत्रिका असते. तिच्यातली भाषा एकदा वाचण्यासारखी आहे. ‘मौजे अमुक येथील गटाराचे बांधकाम करणेकामी प्राप्त झालेल्या न्यूनतम दराच्या निविदेस मंजुरी देणेबाबत विचारविनिमय करणे.’ एका दमात म्हणून दाखवा! शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. पाहुणे आयत्या वेळी आले तर आपण वरणात पाणी घालतो. इथे आयत्या वेळी कोण काय घालील, सांगता येत नाही.

सभा सुरू होते ती बहुधा दुखवट्याच्या ठरावानं. सगळे उभे राहतात. त्यानंतर अभिनंदनाचे ठराव. मग पहिला विषय, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. हा वाचायचा विषय कोणी वाचत नाही. ‘कायम?’ ‘कायम!’ संपलं. नंतर कोणाचा तरी मान राखला गेलेला नसतो, कोणाच्या तरी प्रभागात दिवे लागलेले नसतात, त्यावर तासभर जातो. कधी सभात्याग, कधी तहकुबी. पाच वाजायला आले की सगळ्यांना घड्याळ दिसू लागतं, आणि मग विषय असे मंजूर होतात की कान टवकारून ऐकणाराही मागे पडतो.

गॅलरीतल्या माणसाला कायद्यानं काय दिलं आहे? सभा लोकांना खुली असते. कोणीही जाऊन बसावं. पीठासीन अधिकाऱ्यांना एखादी चर्चा बंद दाराआड व्हावी असं वाटलं तर तसं करता येतं, आणि कामकाजात अडथळा आणणाऱ्याला ते बाहेर काढू शकतात. म्हणजे ऐकायचा हक्क आहे, बोलायचा नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ गावांत सभेच्या वेळी नागरिकाला माईकसमोर दोन-तीन मिनिटं बोलू देतात. आपल्याकडे तसं नाही. मुशायऱ्यात एखादा शेर आवडला की ऐकणारा ‘मुकर्रर’ म्हणतो आणि शायर तो पुन्हा म्हणतो. सभागृहात ‘मुकर्रर’ची सोय नाही.

आता माझी हकिकत. पंधरा एक वर्षांपूर्वीची. आमच्या वस्तीत पुढच्या रस्त्यापर्यंत जलवाहिनी होती, मागच्या चाळीला नव्हती. मागच्या चाळीतल्या मावशी रोज पहाटे चार वाजता आमच्या नळाला हंडे लावायच्या. त्यांच्या हंड्यांच्या आवाजानं मला जाग यायची आणि मी लिहायला बसायचो. त्या काळातल्या माझ्या पुष्कळ कविता त्या हंड्यांच्या उपकारातल्या. एक दिवस मावशी म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्ही एवढं लिहिता, आमच्या पाइपाचा एक अर्ज लिहा की.’’ मी बी.ए. झालेला माणूस, पण अर्ज लिहिताना चार कागद फाडले.

अर्ज गेला, फिरला, आणि वर्षभरानं विषयपत्रिकेत आला. विषय क्रमांक ३७. मावशी, मी आणि चाळीतली चार माणसं गॅलरीत जाऊन बसलो. मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तीन तास आम्ही बसलो. एका चौकाला नाव कोणाचं द्यायचं यावर त्यातला दीड तास गेला. मग खालून आवाज आला, ‘‘विषय २० ते ५२...’’ आणि बाकं वाजली. ‘‘मंजूर, मंजूर!’’ मी उठून मोठ्यानं म्हणालो, ‘‘सदतीस पुन्हा वाचा!’’ सगळ्यांनी वर पाहिलं. एका वयस्कर शिपायानं माझा दंड धरून मला हळूच खाली बसवलं. बाहेर आल्यावर मावशींनी पेढे वाटले. मला वाटलं, ऐकू नाही आलं तरी काय झालं, मंजूर तर झालं!

आठ महिने गेले, पाइप आला नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला होता. त्याखाली अर्ज करून ठरावाची नक्कल काढली. ठराव होता. सूचक होते, अनुमोदक होते, सर्वानुमते होतं. आणि शेवटच्या ओळीत चार शब्द होते : ‘निधीच्या उपलब्धतेनुसार करण्यात यावे.’

श्रोतेहो, शब्द तोलण्यात माझं आयुष्य गेलं. एका मात्रेसाठी मी रात्र रात्र जागलेला माणूस आहे. पण माझ्या शेजारणीच्या पाण्याचा फैसला ज्या चार शब्दांत झाला, ते शब्द मी समोर बसूनही ऐकले नव्हते. नक्कल घेऊन परत निघालो तर तोच शिपाई जिन्यात भेटला. म्हणाला, ‘‘शायरसाहेब, मंजूर झालं हे कधी ऐकू नका. काय मंजूर झालं ते वाचा. आणि पुढच्या सभेला पहिल्या विषयाच्या आधी या.’’

तेव्हा मला पहिल्या विषयाचं महत्त्व समजलं. इतिवृत्त कायम होण्याआधी चूक दाखवता येते. कायम झालं की लिहिलेलं तेच खरं. सगळ्यात कंटाळवाणा विषय हाच खरा विषय, आणि तो एका श्वासात जातो.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी तयारी केली. सभेच्या चार दिवस आधी आमच्या नगरसेविका ताईंकडे गेलो. फार नाही, दोनच प्रश्न लिहून दिले : हे काम कोणत्या आर्थिक वर्षात, आणि कोणत्या लेखाशीर्षातून? ताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या, सभागृहात फारशा बोलत नसत. त्या दिवशी उठल्या, कागद पाहून दोन्ही प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, ‘‘उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.’’ एक मिनिटसुद्धा लागलं नाही. उत्तर द्यावं लागलं. नोंद झाली. त्याच वर्षी चाळीच्या वळणापर्यंत पाइप आला. वळणापलीकडच्या सहा खोल्या पुढच्या टप्प्यात ठेवल्या. मावशींची खोली वळणापलीकडे.

ठराव आणि पाणी यांच्यातलं हे अंतर आपल्या महाराष्ट्राला नवं नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात मंजूर करून घेतला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळं गावात होतं, ठराव दप्तरात. तीन वर्षं ते दोघे भेटले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा त्यांची भेट झाली. आणि नगरपालिकेनं काय केलं? ४ ऑगस्ट १९२७ ला आपलाच ठराव मागे घेतला. पुढे कोर्टकज्जा होऊन १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. महाडच्या लढ्याशी आमच्या पाइपाची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण हात वर करून पाणी देता येतं आणि हात वर करून ते काढूनही घेता येतं, हे महाडनं दाखवलं. म्हणून ते हात कधी वर होतात यावर लक्ष ठेवणारं कोणीतरी गॅलरीत हवं.

सभागृहात एकट्या माणसाच्या आवाजालाही किंमत असते. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचं ठरलं, तेव्हा विरोधात मत दिलं ते एकट्या जोतीरावांनी. ठराव पडला नाही, खर्च झाला. पण ते एक मत इतिवृत्तात गेलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

मग माझ्यासारख्याच्या बोलण्याचं काय? बदलापूरच्या पलीकडे एखाद्या खेड्यात जा. तिथे ग्रामसभा आहे. मतदार यादीत नाव असलेला माणूस उभा राहून सरपंचाला विचारू शकतो, ‘‘आमच्या विहिरीचं काय झालं?’’ तोच माणूस पोटापाण्यासाठी शहरात राहायला आला की मुका होतो. म्हणजे गावाची वेस ओलांडताना माणसाची जीभ जकातीत जमा होते की काय! पुण्याच्या महापालिकेनं २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. २००९ साली राज्यानं शहरांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. शहरातली ग्रामसभाच म्हणा. कायद्यात ती आहे. मला तिचं बोलावणं अजून आलेलं नाही.

आणि मग असा काळ आला की ऐकायलाही काही उरलं नाही. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये संपली. आधी करोना, मग प्रभागरचना, मग आरक्षणाचा वाद. उल्हासनगर महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली. तिन्ही ठिकाणी प्रशासक आले. सूचक तेच, अनुमोदक तेच, सभाही तेच. प्रशासकांनी कामं केली नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ठराव एका खोलीत होत होता आणि ती खोली लोकांना खुली नव्हती. सहा खोल्यांच्या पाइपाचा कागद घेऊन मी आवक-जावकच्या खिडकीवर जायचो. शिक्का मिळायचा. शिक्क्याला प्रश्न विचारता येत नाही.

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूरला लोक रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. त्या दिवसाचं कारण निराळं होतं, लहान मुलींवरच्या अत्याचाराचं होतं आणि त्याचा संताप कुठल्याही सभागृहात मावला नसता. तरीही घरी बसून बातम्या पाहताना मनात आलं, चार वर्षं या गावाला स्वतःचं सभागृहच नाही. बोलायला जागा नसली की माणसं कुठे कुठे जाऊन उभी राहतात!

सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्यायला सांगितलं. डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूरला मतदान झालं, जानेवारी २०२६ मध्ये उल्हासनगरला. सभागृहं पुन्हा भरली आहेत. कोण जिंकलं, कोणी कोणाशी हात मिळवला, याची चर्चा नाक्यानाक्यावर झाली. मला विचाराल तर खरी बातमी ही, की गॅलरीचं दार उघडलं.

म्हणून माझी दोन मागण्या आणि एक विनंती. मागण्या सभागृहाकडे : विषयपत्रिका सात दिवस आधी गावात सगळ्यांना दिसेल अशी लावा, आणि सभेच्या सुरुवातीला नागरिकांना दहा मिनिटं द्या. दहाच. चौकाच्या नावाला दीड तास देता येतो, तर एवढं जमायला हरकत नाही. विनंती तुम्हाला : वर्षातून एकदा तरी सभेला जाऊन बसा. सोबत वही न्या. तुमचा विषय आला की शेवटची ओळ लिहून घ्या. ऐकू आली नाही तर नक्कल मागा.

मावशी आता थकल्या आहेत. हंडे त्यांची सून भरते. परवा मी त्यांना सांगितलं, ‘‘मावशी, सभा सुरू झाल्यात, पुन्हा अर्ज देतोय.’’ त्या म्हणाल्या, ‘‘द्या. पण ह्या टायमाला पेढे पाणी आल्यावर.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)