उत्तर जागेतच असतं



व्हिडिओ गेमच्या लेखनावर मराठीत चर्चा व्हावी आणि ती कोकणच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या तलासरी तालुक्यातल्या वेवजी गावात व्हावी, याचा मला विशेष आनंद आहे. आज मी साहसी खेळांतल्या कोड्यांविषयी बोलणार आहे. त्यातही, भोवतालचं पाणी, वारा, उतार, वजन, आवाज यांच्या आधारानं सुटणाऱ्या कोड्यांविषयी. माझं म्हणणं थोडक्यात असं : चांगल्या कोड्याचं उत्तर त्या जागेतच असतं, आणि जागा ओळखल्याशिवाय तसं कोडं रचता येत नाही.

२००४ साली आलेल्या ‘हाफ-लाइफ २’मधला एक प्रसंग आठवून पाहा. वर चढायचंय, उडी पोचत नाही. समोर टेकूवर तोललेली एक फळी आहे आणि आसपास सिमेंटचे ठोकळे पडले आहेत. फळीच्या एका टोकावर ठोकळे रचले की दुसरं टोक वर राहतं आणि त्यावरून पलीकडे झेप घेता येते. कुणी सूचना देत नाही, बाण दाखवत नाही. वजनाचा नियम आपण लहानपणीच शिकलेलो असतो. खेळ तो नियम पाळतो, एवढंच. २०१७च्या ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’नं हेच तत्त्व साऱ्या मुलुखाला लावलं. तिथे पाऊस पडला की कातळ निसरडा होतो, विजा कडाडू लागल्या की अंगावरचं लोखंड वीज ओढून घेतं, गवत पेटलं की गरम हवेचा झोत उठतो आणि त्यावर तरंगत उंच जाता येतं. एका कोड्याची चार उत्तरं निघतात आणि चारही खरी असतात.

याच्या उलट उदाहरणही सांगायला हवं. १९९९च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’मध्ये भाड्यानं मोटरसायकल मिळवण्यासाठी नायकाला मित्राचं सोंग घ्यावं लागतं. त्यासाठी मांजराचे केस चिकटपट्टीवर गोळा करायचे, ते पाकानं चिकटवून मिशी करायची आणि मित्राला मिशीच नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही मिशी काढायची! हे उत्तर खेळातल्या जागेत नव्हतं, फक्त लेखकाच्या डोक्यात होतं. खेळाडूनं तिथे जागा वाचायची नसते, लेखकाच्या मनात काय आहे ते ओळखत बसायचं असतं. अशा कोड्यानं माणूस शहाणा होत नाही, थकतो.

साहसी खेळाचा जन्मच मुळी पायाखालून घातलेल्या जागेतून झाला. विल क्राउदर हा प्रोग्रॅमर गुहांचं सर्वेक्षण करणारा होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये तो फिरला, तिच्या नकाशांवर काम केलं, आणि १९७६च्या सुमारास त्याच गुहेवरून ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ लिहिला. पुढे डॉन वूड्सनं तो वाढवला. त्या खेळात एकही चित्र नाही, सगळा शब्दांचा कारभार. तरी गुहा डोळ्यांपुढे उभी राहते, कारण लिहिणाऱ्याला तिची वाट ठाऊक होती.

जागेच्या अशाच ओळखीतून २०१४ साली अलास्कातल्या इनुपियाक लोकांबरोबर घडवलेला ‘नेव्हर अलोन’ आला. कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल ही तिथल्या मूलनिवासींची संस्था त्यामागे होती. नुना नावाची मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा बर्फाच्या वादळातून वाट काढतात. वारा समोरून आला की नुना खाली वाकून पाय रोवते. तोच वारा पाठीशी असला की तिची उडी लांब जाते. वाऱ्याशी असं वागायला ते लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले आहेत. खेळानं ते शहाणपण खेळाडूच्या हातात दिलं.

आता आपण इथे येऊ. पावसाळ्याचा पहिला दणका बसला की ओढे फुगतात, बांधावरून पाणी वाहू लागतं आणि मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट शेतात चढतात. ही वलगण. बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचा तर कधी, कुठे, आणि त्याचं तोंड कुणीकडे? मासा पाण्याविरुद्ध चढतो, म्हणून बांधाच्या खिंडीत सापळ्याचं तोंड उताराकडे हवं. पाणी ओसरू लागलं की मासा परत फिरतो. तेव्हा सापळाही फिरवायचा. आणि चढणारे सगळेच मासे मारले, तर पुढच्या वर्षी ओढा रिकामा. पाऊस, उतार, वेळ आणि परिणाम, खेळाला लागणारं सारं या एका प्रसंगात आहे. मला याच्याहून चांगलं कोडं सुचत नाही.

तारपा हे इथलं फुंकवाद्य घ्या. भोपळा, बांबू, मेण, ताडाचं पान, सगळं याच रानातलं. तारपकरी सूर बदलतो तशी नाचणाऱ्यांच्या साखळीची चाल बदलते. आवाजानं वाट दाखवणारा खेळ रचायचा असेल, तर त्याचं व्याकरण इथे तयार आहे. किंवा बोर्डीजवळच्या बहरोटच्या लेण्यांकडे पाहा. संजाण हे आपलं जुनं ठाणं हल्ल्यात पडल्यावर पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी या डोंगरात नेला आणि बारा वर्षं तिथे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. कोरडं लाकूड कुठून आणायचं, धुराचा माग लागू नये म्हणून काय करायचं, पावसात आग कशी राखायची? तो डोंगर चढून पाहिल्याशिवाय हे प्रश्न लिहिता येणार नाहीत.

असा खेळ आपल्याकडे घडू शकतो का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आणला. भावाला शोधणारी राजी भिंतींवरून धावते, खांबांचा आधार घेऊन लढते, चित्रांची वर्तुळं फिरवून आपली गोष्ट जुळवते. त्यातली वास्तू राजस्थानच्या महालांवर बेतलेली आहे. महाराष्ट्रात बसून जगभर पोचणारा खेळ घडतो, हे या मंडळींनी सिद्ध केलं. पुढचं पाऊल आपलं : आपले ओढे, खाड्या, कारवीचे कूड आणि ताडाची बनं खेळात यायला हवीत.

इथे एक धोका आहे. वारली चित्र खेळाच्या भिंतीवर नक्षी म्हणून डकवणं फार सोपं. पण गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं नीट पाहा. मासेमारीच्या जाळ्याचं त्यांचं चित्र घ्या. ते जाळं जवळजवळ सारा पट व्यापतं. वारली चित्रातली माणसं, झाडं, जनावरं काही ना काही काम करत असतात. ते काम समजून न घेता त्या आकृत्यांचे नुसते त्रिकोण उचलले, तर हाती फक्त सजावट उरते.

म्हणून या व्यासपीठावरून माझ्या तीन मागण्या. पहिली, लेखकानं कोडं लिहिण्याआधी जागेचे नियम लिहावेत : पाणी कुठून कुठे जातं, भरती कुठवर येते, कोणतं लाकूड तरंगतं. दुसरी, वस्तूंची नावं इथल्या माणसांच्या तोंडची असावीत. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. याच तालुक्यातल्या झरीला मे १९४५मध्ये वारल्यांनी किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वेठबिगारी झुगारून दिली. इथल्या लोकांच्या ज्ञानावर खेळ उभारायचा आणि श्रेयनामावलीत नाव नाही, हातात मोबदला नाही, हीसुद्धा वेठच आहे. ती आपण करायची नाही. माहिती देणारा माणूस खेळाचा सहलेखक आहे. करारात, कमाईत आणि पडद्यावर त्याचं स्थान तेच असलं पाहिजे.

उपस्थित तरुणांना एवढंच सांगेन : संगणक नंतर उघडा. येत्या पावसाळ्यात इथल्या जाणत्या माणसाबरोबर बांधावर उभे राहा, विचारा, लिहून घ्या. पहिला आराखडा तयार झाला की तो याच गावात, याच लोकांपुढे खेळून दाखवा. त्यांनी सांगितलं, ‘पाणी असं वाहत नाही,’ तर कोडं बदला. त्यांनी मान डोलावली, तर तो खेळ जगापुढे न्या.