स्टोव्हची पिन आणि बर्नरचं नॉझल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता, त्यांना पिन आठवत असेल. पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला केसासारखी बारीक तार. स्टोव्ह फरफरू लागला की आई ती तार निपलच्या भोकात घालायची, दोनदा पंप मारायची, की ज्योत पुन्हा निळी आणि सरळ. माझ्या पिढीतल्या कित्येकांना यंत्रदुरुस्तीचा पहिला धडा या पिनेनं दिला. त्याच धड्यानं पुढे आमच्या वर्कशॉपमध्ये काय गोंधळ घातला, ते आज सांगतो.

माझी नोकरी एका दूध डेअरीत, यंत्रदुरुस्ती विभागात गेली. तिथं टँकरची बाहेरची बाजू, क्रेट आणि फरशी धुवायला गरम पाण्याचं प्रेशर वॉशर होतं. गारच पाणी का नाही, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, लोण्याचा हात गार पाण्याखाली धरून बघा. स्निग्धांश सुटत नाही, नुसता पसरतो. पाणी साठ-सत्तर अंशांचं असलं की तोच वितळून वाहून जातो.

हे पाणी तापवतो डिझेलचा बर्नर. लोखंडी नळीचं वेटोळं, त्याला आम्ही कॉईल म्हणतो, त्यातून पाणी धावतं आणि मधोमध जाळ पेटतो. मिनिटाला १५ लिटर पाणी ५० अंशांनी तापवायचं, तर तासाला ४५ हजार किलोकॅलरी लागतात. जाळ नीट असला तर त्यासाठी तासाला साधारण ६ लिटर डिझेल पुरतं. जाळ बिघडला की डिझेल तेवढंच जातं, पाणी मात्र कोमट येतं. मग चालवणारा माणूस तेच काम दीड तास करत बसतो. आमच्याकडे डिझेलच्या वहीतला आकडा वाढला, की पहिला संशय चोरीचा यायचा. बर्नर उघडून बघावा, असं कुणाच्या मनात यायचं नाही.

आता पिनेकडे येऊ. स्टोव्हमध्ये रॉकेल आधी तापून वाफ होतं आणि ती वाफ भोकातून बाहेर पडते. तिथं भोक मोकळं असलं की भागलं. बर्नरचं तसं नाही. तिथं डिझेल थंडच असतं. छोटा पंप ते ७ ते १० बार दाबानं नॉझलमध्ये ढकलतो. नॉझलच्या आत तिरक्या बारीक खाचा असतात, त्यातून डिझेल गरगर फिरतं आणि भोकातून धुक्याच्या छत्रीसारखं बाहेर पडतं. ते भोक आरशासारखं गुळगुळीत केलेलं असतं. त्यात तार घातली, एक ओरखडा उठला, की छत्री एका बाजूला फाटली. मग जाळ कॉईलवर एका अंगानं चाटतो, न जळलेलं डिझेल काजळी होऊन बसतं. कंदिलाची काच काळी झाली की उजेड कमी होतो, तशी कॉईल काळी झाली की उष्णता पाण्यात न जाता धुराड्यातून आकाशात जाते.

आमच्याकडे एक मदतनीस होता. हुशार पोरगा, हाताला चपळ. एके दिवशी बर्नर पेटेना. मी दुसऱ्या शेडमध्ये होतो. पहाटेचे टँकर रांगेत, ड्रायव्हर ओरडताहेत. त्यानं नॉझल काढलं, कुठूनशी स्टोव्हची पिन आणली, भोकात फिरवली आणि परत बसवलं. तरी पेटेना. मग त्यानं लाल रिसेट बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. प्रत्येक वेळी काही सेकंद डिझेल आत फवारलं गेलं आणि ठिणगी न लागल्यानं बर्नर आपला आपण बंद झाला. ते डिझेल गेलं कुठं? आतच, गरम भट्टीच्या तळाशी. पाचव्या वेळी ठिणगी लागली.

आवाज फार मोठा नव्हता. पोत्यावर काठी मारावी तसा. पण झाकण उडालं आणि तो वाकून बघत होता. भुवया गेल्या, कपाळ भाजलं, डोळे वाचले. दवाखान्यात मला म्हणाला, “मामा, आईनं पिन मारली की स्टोव्ह पेटायचा.” मी काय बोलणार? त्याला नॉझल काय असतं, हे मीच कधी सांगितलं नव्हतं. साहेबांनी चौकशीत दोष पोराच्या नावावर लिहिला. खाली सही माझी होती. ती सही मला अजून टोचते.

त्यानंतर आम्ही भिंतीवर एकच सूचना लावली. बटण एकदा दाबा, नाही पेटलं तर हात मागे आणि मला हाक. मी आलो की आधी भट्टी उघडून तळ कोरडा आहे का ते बघायचो.

बाकी काम नेमाचं होतं. नॉझल साफ करायचं नाही, बदलायचं. त्यावर गॅलन आणि फवाऱ्याचा कोन कोरलेला असतो, दोन्ही तेच हवेत. तो गॅलनचा आकडा ७ बार दाबाचा असतो. दाब १० वर नेला तर डिझेल जवळजवळ वीस टक्के जास्त जातं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डिझेलचा फिल्टर बदलायचा, टाकीच्या तळाचं पाणी काढायचं. ठिणगीच्या दोन कांड्यांमधलं अंतर साधारण ३ मिलिमीटर, तेही कंपनीच्या पुस्तकात बघून. वीज बंद करूनच हात घालायचा. तिथं दहा हजार व्होल्ट असतात. धूर काळा आला तर हवा कमी पडतेय. पांढरा आला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. पाणी विहिरीचं असेल तर कॉईलमध्ये आतून क्षारही धरतात, त्याचा वेगळाच ताप. आणि काम संपलं की आधी बर्नर बंद, मग दोन-तीन मिनिटं गार पाणी वाहू द्यायचं. तापलेल्या कॉईलमध्ये पाणी कोंडून ठेवायचं नाही.

तो पोरगा महिन्याभरानं कामावर आला. पहिल्याच दिवशी मी त्याच्याकडून नवं नॉझल बसवून घेतलं. जुनं त्यानं भिंगाखाली धरलं, बराच वेळ बघितलं. “दिसतोय, मामा,” म्हणाला. ओरखडा खरंच दिसत होता, नखाच्या टोकाएवढा. नॉझल त्यानं कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. मी पानं आवरायला घेतली, त्यानं पंप सुरू केला, आणि पहिल्या दाबात बर्नर पेटला.