बंद कारखाना, कामगारांची सहकारी संस्था आणि सरकार



अर्जेंटिनाच्या दक्षिण भागात नेउकेन नावाचे शहर आहे. तिथल्या सानोन या फरशा बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकाने २००१ च्या ऑक्टोबरात भट्ट्या विझवल्या आणि कामगारांना बाहेर काढले. पगार त्याआधीच थकले होते. कामगार घरी गेले नाहीत. फाटकाबाहेर तंबू ठोकून बसले. जवळच्या तुरुंगातल्या कैद्यांनी आपल्या वाट्याचा शिधा त्यांच्यासाठी पाठवला. पुढच्या मार्चमध्ये कामगारांनी आत जाऊन भट्टी पेटवली. जुने पुरवठादार माती देईनात, तेव्हा मापुचे या आदिवासी समाजाने आपल्या भूमीतली माती दिली. त्या समाजाच्या पारंपरिक नक्षीवरून कामगारांनी फरशांचे नवे नमुने काढले. कारखान्याला नाव दिले ‘फासिनपात’, म्हणजे बिनमालकाचा कारखाना.

त्यांना हुसकावून लावण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. ८ एप्रिल २००३ रोजी न्यायालयाचा आदेश घेऊन कब्जा घ्यायला माणसे आली, तेव्हा हजारो नागरिक फाटकाशी उभे राहिले आणि आलेल्यांना परत जावे लागले. या शहराने कारखान्याची पाठराखण का केली, याचे उत्तर कारखान्याच्या कारभारात सापडते. कामगारांनी शाळांना, दवाखान्यांना फरशा दिल्या. नव्या जागा भरताना बेकारांच्या संघटनांमधल्या लोकांना घेतले. सुरुवातीला अडीचशेच्या आसपास असलेली कामगारसंख्या काही वर्षांत चारशेच्या वर गेली. मोठे निर्णय सर्वांच्या सभेत होत आणि पगार जवळजवळ सारखे होते. नेउकेन प्रांताच्या विधिमंडळाने कारखाना संपादन करून कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याचा कायदा केला तो ऑगस्ट २००९ मध्ये. भट्टी पेटल्यानंतर तब्बल सात वर्षांनी.

हा क्रम नीट पाहिला पाहिजे. आधी कामगारांनी उत्पादन करून दाखवले, गिऱ्हाईक टिकवले, गाव जोडले; सरकार त्यानंतर आले आणि कायदेशीर हक्काचा प्रश्न सोडवून बाजूला झाले. बंद उद्योग सरकारने ताब्यात घ्यावेत की नाहीत, असा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालतो. ते कोणासाठी घ्यावेत, केव्हा घ्यावेत आणि घेतल्यावर पुढच्या सहा महिन्यांचा कच्चा माल कोण भरणार, हे प्रश्न मात्र त्या वादात क्वचितच येतात.

अर्जेंटिनात सानोन एकटा नव्हता. २००१ च्या डिसेंबरात देशाची अर्थव्यवस्था कोसळली, बँकांतले पैसे अडकले, दोन आठवड्यांत राष्ट्राध्यक्षपदावर एकामागून एक माणसे आली आणि गेली. त्याच महिन्याच्या १८ तारखेला बुएनोस आयर्समधल्या ब्रुकमन या कपड्यांच्या कारखान्यातल्या कामगारांनी, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, थकलेल्या पगारासाठी कारखान्यातच मुक्काम केला. मालक निघून गेले, बायकांनी शिलाई सुरू ठेवली. एप्रिल २००३ मध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. ऑक्टोबरात शहराच्या विधिमंडळाने संपादनाचा कायदा केला आणि त्या पुन्हा यंत्रांवर बसल्या. त्यांच्या सहकारी संस्थेचे नावच ‘१८ डिसेंबर’ आहे. चिलावेर्त या छोट्या छापखान्यात तर जेमतेम आठ कामगार होते. बाहेर पोलिसांचा पहारा असताना त्यांनी आत एक पुस्तक छापले आणि शेजाऱ्याच्या भिंतीला भोक पाडून छापील प्रती बाहेर काढल्या.

बुएनोस आयर्स विद्यापीठाच्या अभ्यासगटाने केलेल्या पाहणीत २०१३ च्या अखेरीस असे तीनशेच्या वर उद्योग आणि त्यांत तेरा हजारांहून अधिक कामगार आढळले. देशाच्या आकाराच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण ही चळवळ कायद्याला हलवण्याइतकी मोठी ठरली. २००२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बंद उद्योग चालवण्याची परवानगी कामगारांच्या सहकारी संस्थेला देण्याची वाट न्यायाधीशांना मोकळी झाली. २०११ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली: कामगारांचे थकलेले पगार आणि देणी हीच कारखान्याच्या खरेदीची किंमत म्हणून धरता येऊ लागली. कामगाराकडे रोख रक्कम नसते, पण कारखान्यावर त्याचे मोठे कर्ज असते, ही साधी वस्तुस्थिती तिथल्या संसदेने मान्य केली.

कायदा झाला म्हणून सगळे सुरळीत झाले असेही नाही. १९७८ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेले बाउएन हॉटेल कामगारांनी २००३ पासून चालवले. २०१६ मध्ये संसदेने ते संपादन करण्याचा कायदा केला आणि राष्ट्राध्यक्ष माउरिसिओ माक्री यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. २०२० मध्ये महासाथीत पर्यटन थांबले आणि कामगारांना ती इमारत सोडावी लागली.

व्हेनेझुएलात अर्जेंटिनाच्या उलट वाट चालली गेली. तिथे पुढाकार सरकारचा होता. मालकांनी केलेल्या २००२-०३ च्या टाळेबंदीनंतर बंद पडलेला व्हेनेपाल हा कागद कारखाना ऊगो चावेस यांच्या सरकारने जानेवारी २००५ मध्ये ताब्यात घेतला. त्यात बहुसंख्य हिस्सा सरकारचा आणि उरलेला कामगारांच्या सहकारी संस्थेचा. एप्रिलमध्ये तेलउद्योगाला झडपा पुरवणारा एक कारखाना घेतला आणि त्याचे नाव इन्वेवाल ठेवले. इथे खरी अडचण उघडी पडली. झडपांसाठी लागणारे ओतीव भाग बनवणारी फाउंड्री खासगी हातातच राहिली. तिच्याकडून माल मिळेना, सरकारी तेल कंपनीकडून ऑर्डर येईना. कामगार रोज कामावर येत होते, यंत्रे तयार होती, आणि झडपा मात्र बाहेर पडत नव्हत्या. त्याच काळात देशात सहकारी संस्थांची नोंदणी एक लाखाच्या पुढे गेली. पुढच्या मोजणीत त्यांतल्या बहुसंख्य चालू नसल्याचे दिसले. मंत्रालयातून नोंदणी करता येते. एकमेकांच्या हिशोबावर विश्वास ठेवणारी माणसे तशी तयार होत नाहीत, त्यांना वेळ लागतो.

आता मुंबईकडे वळू या.

आजारी कापडगिरण्या सरकारने ताब्यात घेण्याचा अनुभव आपल्याला जगातल्या बहुतेक देशांपेक्षा जास्त आहे. १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ निघाले, १९७४ च्या कायद्याने देशभरातल्या १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर, १९८३ मध्ये मुंबईतल्या आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्राने घेतले. गिरण्या सरकारच्या झाल्या, पण चालवण्याच्या निर्णयात गिरणी कामगार कुठेही नव्हता. साच्याला कोणता सुटा भाग हवा, कोणत्या खात्यात कापूस वाया जातो, हे पिढ्यान्‌पिढ्या त्या खात्यांत राबलेल्या माणसांना माहीत होते. त्यांना कोणी विचारले नाही. पुढे १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली, २००१ मध्ये तो नियम आणखी सैल झाला, आणि २००५ मध्ये दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक तीनची जमीन ४२१ कोटी रुपयांना गेली. जनतेच्या पैशाने ताब्यात घेतलेली ही मालमत्ता होती. तिचा शेवट कामगारांच्या संस्थेऐवजी लिलावात व्हावा, हा या शहरावर झालेला अन्याय आहे.

जमिनीच्या बाबतीतही आपला इतिहास असाच आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याखाली खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या. कायद्याच्या २८ व्या कलमात त्या जमिनी संयुक्त शेती संस्थांना देण्याची तरतूद होती, आणि त्या संस्थांत जमीन खंडाने दिलेले शेतकरी, तिथेच राबणारे शेतमजूर, भूमिहीन हे सगळे यावेत अशी कल्पना होती. तोवरची व्यवस्था म्हणून १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. तात्पुरती व्यवस्था कायमची झाली. खंडकऱ्यांना आपल्या जमिनींसाठी अर्धे शतक झगडावे लागले, आणि त्या मळ्यांवर घाम गाळलेल्या मजुरांची संयुक्त संस्था कायद्याच्या पानावरच राहिली.

पण याच महाराष्ट्रात कुर्ल्याची कमानी ट्यूब्जही होती. मालक कुटुंबातल्या भांडणात १९८५ मध्ये हा तांब्या-पितळेच्या नळ्यांचा कारखाना बंद पडला. डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने कामगारांची सहकारी संस्था काढून कारखाना चालवण्याची योजना मांडली, आणि ६ सप्टेंबर १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. कामगारांनी भविष्यनिर्वाह निधीतले पैसे घातले आणि दोन-चार वर्षे गंज चढलेली यंत्रे पुन्हा चालू केली. भारतीय कामगार कारखाना चालवू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना कुर्ल्याने उत्तर दिले. खेळत्या भांडवलाची ओढाताण मात्र संपली नाही आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कारखाना पुन्हा आजारी पडला. हे अपयश सांगताना हातचे राखू नये, पण बँकांचा हात आखडता राहिला हेही सांगावे.

कमानीच्या कामगारांना ज्या कायद्याने दार उघडले, तो १९८५ चा आजारी उद्योगांचा कायदा २०१६ मध्ये गेला. त्याच वर्षी आलेल्या दिवाळखोरी संहितेत कारखान्याचे भवितव्य वित्तीय धनकोंची समिती ठरवते. अवसायनाची वेळ आली तर कामगारांच्या २४ महिन्यांच्या देण्यांना तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान आहे, ही चांगली गोष्ट. पण कारखाना चालू ठेवण्याची योजना मांडणाऱ्यांना समिती आर्थिक ऐपतीच्या अटी घालू शकते, आणि ज्याचा पगारच थकला आहे तो कामगार त्या अटी कुठून पुऱ्या करणार?

इटलीने यावर १९८५ मध्येच मार्ग काढला. उद्योगमंत्री जोव्हान्नी मार्कोरा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्यात, कामगारांनी बेकारभत्ता एकरकमी घेऊन तो भांडवल म्हणून घालावा आणि सार्वजनिक निधीने त्यात भर टाकावी, अशी सोय झाली. युरोपीय समुदायाच्या आक्षेपानंतर तो बदलावा लागला, पण तत्त्व टिकले आणि तशा संस्था आजही चालू आहेत.

म्हणून या परिषदेने स्पष्ट मागणी करावी. दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती होऊन कामगारांच्या सहकारी संस्थेला पहिली योजना मांडण्याचा हक्क मिळावा आणि थकलेली देणी खरेदीच्या किमतीत धरली जावीत. कारखाना बंद झाल्यापासून निर्णय होईपर्यंत यंत्रे आणि वीजजोडणी राखण्याची जबाबदारी राज्य सरकारने घ्यावी, कारण तांब्याच्या तारा आणि मोटारी निघून गेल्यावर हातात येतो तो नुसता पत्रा. आणि इथे बसलेल्या सहकारी बँकांच्या संचालकांना वेगळी विनंती आहे: सरकारची वाट न पाहता, अशा संस्थांच्या खेळत्या भांडवलासाठी एक समान निधी उभारण्याचा ठराव आपापल्या येत्या वार्षिक सभेपुढे ठेवा.