‘पारंपरिक’ या शब्दामागील हक्क



ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ हा शब्द छापला गेला की शोध संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः शोधाला तेथूनच आरंभ व्हावयास हवा. ‘ॐ जय जगदीश हरे’ ही आरती अनाम परंपरेतून आली असे मानणारे असंख्य आहेत. प्रत्यक्षात ती पंजाबातील पंडित श्रद्धाराम फिल्लौरी यांची रचना. १८८१मध्ये त्यांचे निधन झाले, त्यामुळे तिचे शब्द आज सर्वांचे आहेत. मात्र १९७०च्या ‘पूरब और पश्चिम’ या चित्रपटात ती ज्या रूपात ऐकू येते, ते ध्वनिमुद्रण २०३०च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. एखाद्या भजनी मंडळाने हे शब्द परंपरेच्या चालीत स्वतःच्या कंठाने गाऊन ध्वनिमुद्रित केले, तर कोणाची अनुमती लागत नाही. चित्रपटातील ध्वनी उचलून स्वतःच्या सीडीत घातला, तर मात्र लागते.

एका गीतात असे अनेक हक्क एकावर एक रचलेले असतात : शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि गायकाचा. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या निधनाला १९९१मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली, त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क संपुष्टात येण्याची वेळ आली आणि तिच्यात १० वर्षांची भर पडली. एका कवीच्या निमित्ताने देशातील सर्व कवींची मुदत वाढली!

मराठीतील उदाहरणे अधिक बोलकी आहेत. बहिणाबाई चौधरी यांची गाणी इतकी लोकमुखी झाली की कित्येकांना ती लोकगीतेच वाटतात. बहिणाबाई १९५१मध्ये निवर्तल्या आणि संग्रह १९५२मध्ये प्रकाशित झाला. कवीच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या रचनांची मुदत मृत्यूपासून नव्हे, तर प्रकाशनापासून मोजली जाते. म्हणून त्या संग्रहातील गाणी २०११च्या नव्हे, २०१२च्या अखेरीस मुक्त झाली. एका वर्षाचा फरक किरकोळ वाटेल, परंतु तारीख पाहिल्याविना हात घालू नये, हे त्यावरून कळावे.

तुकोबारायांचे अभंग सतराव्या शतकातील, त्यांवर कोणाची मालकी असण्याचा प्रश्नच नाही. ‘अभंग तुकयाचे’मधील चाली मात्र श्रीनिवास खळे यांच्या आहेत. खळे २०११मध्ये निवर्तले, म्हणजे त्या चालींचे संरक्षण २०७१पर्यंत. शब्द तुकोबांचे म्हणून चालही तुकोबांची, असे होत नाही. ‘ने मजसी ने’ हे गीत तर राष्ट्राचेच, असे म्हणण्यात भावना उदात्त आहे. कायद्याच्या गणिताने मात्र स्वातंत्र्यवीर सावरकरांचे १९६६मध्ये निधन झाले असल्याने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या काव्यावरील हक्क ३१ डिसेंबर २०२६पर्यंत आहे.

शोध घ्यावयाचा तो जुन्यात जुन्या छापील प्रतीपासून. मुखपृष्ठावर ‘कवी’ आहे की ‘संग्राहक’, हे प्रथम पाहावे. संग्राहकाचा हक्क त्याच्या निवडीवर, रचनेवर आणि टिपांवर असतो, जात्यावरच्या ओवीवर नव्हे. ध्वनिमुद्रिकेवर कंपनीचे नाव आणि प्रकाशनवर्ष आढळते. शब्द आणि चाल यांच्या परवान्यासाठी १९६९मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, ध्वनिमुद्रणासाठी बहुधा संबंधित कंपनीच गाठावी लागते. दिल्लीतील स्वामित्व हक्क कार्यालयाची नोंदवहीही पाहता येते. तथापि तेथे नोंद नाही म्हणून गीत मुक्त, हा निष्कर्ष चुकीचा, कारण नोंदणी ऐच्छिक आहे. हक्कधारक मृत किंवा अज्ञात असेल, शोधूनही सापडत नसेल, तर कलम ३१-अ अन्वये परवाना मागता येतो. ही वाट न्यायालयातून जाते आणि ती लांबची आहे.

गणेशोत्सवातील आरतीला परवाना लागतो काय, ही पृच्छा दरवर्षी होते. प्रामाणिक धार्मिक विधीतील गायन-वादनाला कायद्यानेच सूट दिली आहे. त्याच आरतीचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण यूट्यूबवर चढवणे त्या सवलतीत बसत नाही. याउलट, मंडळाने स्वतः गायलेल्या पारंपरिक आरतीवर यांत्रिक जुळणीमुळे एखाद्या कंपनीचा दावा लागतो, असेही घडते. अशा वेळी मूळ छापील प्रत आणि स्वतःच्या ध्वनिमुद्रणाची तारीख हाताशी असेल, तर दाव्याला उत्तर देता येते.

सर्वांत दुर्लक्षित हक्क गाणाऱ्या व्यक्तीचा. ओवी अनाम असेल, पण ती गाणारी स्त्री अनाम नसते. कायदा तिला ५० वर्षे कलावंताचा हक्क देतो, तिच्या संमतीविना ध्वनिमुद्रण विकता येत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव आढळते. घरोघरीच्या कपाटांत मात्र आजीच्या आवाजाच्या कॅसेट पडून आहेत, त्यांवर ‘जुनी गाणी’ एवढेच लिहिलेले असते. गाणारीचे नाव, गाव, दिनांक, गाणे कोणाकडून शिकली आणि ते प्रसिद्ध करण्यास तिची संमती आहे काय, एवढ्या पाच ओळी ती हयात असतानाच वहीत उतरवून तिची सही किंवा अंगठा घेता येतो.