कुंपणातील मुभा

गावातील एखादी गोष्ट नाहीशी करता येत नसेल, तर ती निदान गावाच्या एका कोपऱ्यात ठेवावी, हा विचार फार जुना आहे. दारूचा गुत्ता वेशीबाहेर, जुगाराचा अड्डा ओढ्यापलीकडे, अशी व्यवस्था कोणी कायदा न करताही अनेक गावांत होत आली. आज हाच विचार नव्या वेषात पुढे येतो. अमली द्रव्यांचे सेवन आणि वेश्याव्यवसाय या दोन्ही गोष्टी बंदी घालून थांबलेल्या नाहीत. मग शहरात एक विभाग आखून द्यावा, तेथे पोलिसांनी हात घालू नये, डॉक्टर व समाजसेवक यांनी तेथे काम करावे आणि उरलेले शहर निर्वेध राहावे, अशी ही सूचना. ती करणारे सगळेच स्वैराचारी असतात असे नव्हे. त्यांत डॉक्टर असतात, पोलिस अधिकारी असतात आणि रोज सकाळी दाराशी पडलेल्या सुया झाडून काढणारा एखादा त्रासलेला दुकानदारही असतो. तेव्हा केवळ नाक मुरडून या सूचनेला उत्तर देता येणार नाही. सुदैवाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, तिची परीक्षा प्रत्यक्षात होऊन गेली आहे.

स्वित्झर्लंडमधील झुरिच शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकामागे, राष्ट्रीय संग्रहालयाला लागून, प्लाट्झश्पिट्झ नावाचे एक उद्यान आहे. लिम्माट आणि झील या दोन नद्यांचा संगम तेथे होतो. संगम म्हटला की आपल्या मनात घाट आणि देऊळ उभे राहते. तेथे जुनी झाडे आणि हिरवळ आहे. १९८० नंतरच्या काळात झुरिचमध्ये हेरॉइनचे व्यसन तरुणांत फार पसरले. व्यसनी मंडळी एका चौकात जमली की पोलिस त्यांना हुसकावीत, आणि ती पुढच्या चौकात जमत. हा पाठशिवणीचा खेळ खेळून दमलेल्या प्रशासनाने १९८७ च्या सुमारास त्यांना या उद्यानात राहू दिले. त्याला कायद्याचा आधार नव्हता. होती ती केवळ जाणूनबुजून केलेली डोळेझाक.

हा काळ एड्सच्या भीतीचा होता. एकच सुई चारजणांनी वापरल्याने रोग फैलावतो हे कळून चुकले होते. तरीही प्रारंभी आरोग्य खात्याने सुया वाटण्यास मनाई केली. काही डॉक्टरांनी ती उघडपणे मोडली, आणि अखेर ती मागे घ्यावी लागली. १९८८ पासून उद्यानातच एक वैद्यकीय केंद्र सुरू झाले. स्वच्छ सुया, काविळीची लस, जखमांवर मलमपट्टी आणि अतिसेवनाने श्वास थांबलेल्यांना शुद्धीवर आणणे, हे काम ते करी. दिवसाला हजारोंनी सुया वाटल्या जात. त्या केंद्रामुळे कित्येक तरुणांचे प्राण वाचले, ही गोष्ट उद्यानाच्या कट्टर विरोधकांनाही नाकारता येणार नाही.

परंतु गर्दी वाढत गेली. झुरिचमधील व्यसनी माणसांबरोबर इतर स्विस गावांतील आली, मग सीमेपलीकडची आली. ज्या गावांना आपल्या व्यसनी मुलांचा प्रश्न सोडवायचा नव्हता त्या गावांना झुरिचचे उद्यान ही मोठीच सोय झाली. वाईट दिवसांत हजार-दोन हजार माणसे तेथे येत. त्यांच्यामागून विक्रेते आले. विक्रेत्यांमागून टोळ्या, आणि टोळ्यांमागून सुरे व पिस्तुले आली. हिरवळीचा चिखल झाला. अखेर ५ फेब्रुवारी १९९२ रोजी उद्यानाला टाळे लागले.

इथपर्यंतची हकीकत ऐकून पुष्कळांचे समाधान होते. प्रयोग फसला, बंदीच बरी, असे ते म्हणतात. पण हकीकत येथे संपत नाही. उद्यान बंद झाल्यावर तीच गर्दी शहरात फिरफिरून थोड्याच अंतरावर, लेटन नावाच्या वापरात नसलेल्या रेल्वे स्थानकावर जमली. तेथील दृश्य उद्यानापेक्षाही भीषण होते. तेही १४ फेब्रुवारी १९९५ रोजी बंद करण्यात आले, आणि या वेळी मात्र ती गर्दी पुन्हा कोठेही तशी जमली नाही.

एकाच शहराने तीन वर्षांच्या अंतराने एकच कृती दोनदा केली आणि तिची फळे दोन निराळी आली. असे का व्हावे? पहिल्या वेळी कुलूप होते, जाण्यासाठी जागा नव्हती. दुसऱ्या वेळेपर्यंत जागा तयार झाल्या होत्या. मेथाडोनचा उपचार सुलभ झाला होता. १९९४ पासून, इतर सर्व उपचार थकलेल्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली शुद्ध हेरॉइन देणारी चिकित्सालये सुरू झाली होती. थोड्या माणसांपुरत्या, परिचारिका हजर असलेल्या सेवनखोल्या शहरात ठिकठिकाणी विखुरल्या होत्या. अशी पहिली खोली बर्न येथे १९८६ मध्येच निघाली होती. परगावच्या माणसांना त्यांच्या त्यांच्या गावी पोहोचविण्यात आले आणि त्यांची काळजी घेण्याचे काम त्या गावांवर पडले. पोलिसांनी आपले बळ विक्रेत्यांकडे वळविले. ३० नोव्हेंबर २००८ रोजी स्विस जनतेने ६८ टक्के मतांनी या धोरणाला कायद्याचे कायम रूप दिले. मौज अशी की त्याच दिवशी त्याच मतदारांनी गांजा कायदेशीर करण्याची सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली. मुभा आणि उपचार यांतील भेद त्या मतदारांना बरोबर समजला होता.

उद्यानाच्या मुळाशी असलेली चूक महाराष्ट्रातील जुन्या माणसांना लवकर उमगेल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवाने आले आणि त्यातून 'परमिट रूम' जन्मली. तो शब्द दुकानांच्या पाट्यांवर आजही दिसतो. हातभट्टी त्यामुळे बंद पडली नाही, हे खरे. परंतु परमिट रूममध्ये येणारी बाटली कोठून आली, तिच्यात काय आहे, तिच्यावर कर भरला आहे की नाही, हे सरकारी दप्तरात नोंदलेले असे. झुरिचच्या उद्यानात घेण्याला मुभा होती आणि विकणे गुन्हा होता. म्हणजे पिणाऱ्याला खुर्ची दिली, पण कोठारच नव्हते! ते भरण्याचे काम अर्थातच टोळ्यांनी पत्करले. पुडीत हेरॉइन किती आणि भेसळ किती हे विकणाराही सांगू शकत नसे. ज्या विभागात मालाचा पुरवठा गुन्हेगारांच्याच हाती राहतो, तो विभाग नकाशावर कितीही नीट आखला तरी त्याचा कारभार सरकारच्या हाती राहत नाही.

वेश्याव्यवसायाचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण येथे मध्ये वस्तू नसून माणूस आहे. हॉलंडमध्ये नऊ शहरांनी रस्त्यावरील या व्यवसायासाठी खास विभाग आखले. उट्रेख्टने १९८६ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमने १९९६ मध्ये. त्यांचा परिणाम काही अर्थशास्त्रज्ञांनी तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. विभाग उघडल्यापासून पहिल्या दोन वर्षांत त्या शहरांतील बलात्कार व लैंगिक अत्याचार यांच्या नोंदी ३० ते ४० टक्क्यांनी घटल्या होत्या; आणि ज्या विभागांत स्त्रियांना परवाना घ्यावा लागे, तेथे हा परिणाम अधिक टिकला. आकडा लहान नव्हे. तरीही अ‍ॅमस्टरडॅमने आपला विभाग २००३ मध्ये बंद केला. रॉटरडॅमने २००५ मध्ये तेच केले. परदेशांतून आणलेल्या, कागदपत्रे नसलेल्या स्त्रिया आणि त्यांना आणणारे दलाल यांनी ती जागा व्यापली, अशी प्रशासनाची तक्रार होती.

झुरिचने मात्र २०१३ मध्ये पुन्हा धाडस केले. शहराच्या कडेच्या आल्टश्टेटन भागात एका आवारात मोटारी उभ्या करण्यासाठी लाकडी खोपी बांधल्या. पुरुषाने एकट्याने आणि मोटारीनेच यावयाचे. प्रत्येक खोपीत धोक्याची घंटा. आवारात समाजसेविका हजर. आणि स्त्रीने रात्रीच्या परवान्यासाठी यंत्रात पाच फ्रँक टाकावयाचे. खर्चाची मंजुरीही नागरिकांच्या मतदानाने घेतलेली. ही व्यवस्था वाचताना मन विटते, हे कबूल केले पाहिजे. परंतु घंटा कोणाच्या हाताशी आहे हे पाहिले, तर ती बांधणाऱ्यांनी विचार कोणाचा केला होता हे कळते.

इंग्लंडमधील लीड्सची गोष्ट याच्या उलट आहे. होलबेक या भागात २०१४ मध्ये ठराविक रात्रीच्या वेळात पोलिस अटक करणार नाहीत, असे ठरले. विभाग होता, पण आवार नव्हते, घंटा नव्हती. पुढच्याच वर्षी तेथे काम करणाऱ्या एका तरुणीचा खून झाला. वस्तीतील लोक चिडले. आपल्या मुलींना रस्त्यात अनोळखी पुरुष अडवितात, अशा तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या, आणि २०२१ मध्ये ती व्यवस्था गुंडाळण्यात आली. होलबेक ही गरिबांची वस्ती आहे. असे विभाग श्रीमंतांच्या बागांशेजारी आखले जात नाहीत, हे कोणत्याही नगररचनाकाराला विचारावे.

हिंदुस्थानला तर हा अनुभव शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला होता. लष्करी छावण्यांतील 'लाल बाजार' हे असेच सरकारमान्य विभाग होते. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. मुंबईत तो कायदा १८७० मध्ये लागू झाला आणि १८७२ मध्ये थांबवावा लागला. पुढे तो पुन्हा आणला गेला आणि १८८८ मध्ये कायमचा रद्द झाला. गोऱ्या शिपायाला रोग होऊ नये यासाठी ती सारी यातायात होती. तपासणी स्त्रीची होई, शिपायाची नव्हे. बायका नाव नोंदविण्याचे टाळीत आणि लपत, यात नवल ते काय? ज्या नोंदवहीत नाव गेल्याने केवळ उपद्रवच वाढतो, तिच्यात आपण होऊन कोण नाव घालील?

स्वतंत्र भारताच्या १९५६ च्या कायद्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने केलेला व्यवहार हा तेथे स्वतः गुन्हा नाही. कुंटणखाना चालविणे, त्या कमाईवर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलाविणे हे गुन्हे आहेत. आणि त्याचे सातवे कलम देऊळ, शाळा, इस्पितळ यांपासून दोनशे मीटरांच्या आत हा व्यवसाय वर्ज्य ठरविते. म्हणजे कायद्याने विभाग आखला आहे, पण तो निषेधाचा! मुंबईसारख्या दाटीच्या शहरात अशी वर्तुळे काढू लागले तर मोकळी जागा किती उरेल, हे नकाशा पुढे घेऊन पाहावे. व्यवहारात मग कायदा स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर जाऊन बसतो. कामाठीपुरा, पुण्याची बुधवार पेठ, कलकत्त्याचे सोनागाची हे विभाग कोणत्याही राजपत्राने निर्माण केले नाहीत. ते मर्जीने टिकले. मर्जी फिरली म्हणजे काय होते ते गोव्यात २००४ मध्ये दिसले. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरील अशी वस्ती पावसाळ्याच्या तोंडावर पाडण्यात आली, आणि स्त्रिया गोवाभर पांगल्या. रोगप्रतिबंधाचे काम करणाऱ्यांना त्यांचा माग काढणेही कठीण झाले.

म्हणून आखीव विभागाने आपल्याकडे काय साधेल, हा प्रश्न उलटा विचारावा लागतो. सोनागाचीमध्ये १९९२ पासून डॉ. स्मरजित जाना यांनी रोगप्रतिबंधाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी विभागाची मागणी केली नाही. तेथील स्त्रियांनाच कामावर घेऊन त्यांची संघटना उभी राहू दिली. सांगलीतही त्याच सुमारास तशीच संघटना उभी राहिली. व्यसनाच्या बाबतीतही वाट अगदीच बंद नाही. १९८५ च्या अमली द्रव्यविरोधी कायद्यात, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीप्रमाणे अफूवर्गीय द्रव्यांमुळे मदतीची गरज असलेली माणसे देशात सुमारे ७७ लाख आहेत. एवढ्या माणसांना कोणते उद्यान पुरेल? त्यांना जिल्ह्याच्या गावी औषध देणारी खिडकी हवी आहे, आणि त्या खिडकीबाहेर पोलिस उभा नसेल एवढी हमी.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसायातील स्त्रियांविषयी काही आदेश दिले. त्यांत विभागाचा उल्लेख नाही. पोलिसांनी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीशी इतर नागरिकांप्रमाणेच वागावे, असे त्यात आहे. आणि राहण्याचा पुरावा नसला तरी, एड्स नियंत्रण संघटनेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर तिला आधारपत्र द्यावे, तिचा व्यवसाय त्यावरून ओळखू येईल अशी कोणतीही खूण मात्र त्यावर असू नये, असेही आहे.