बंबवाल्यांची तालीम

आगीशी झुंजणारा जवान ज्वाळांनीच मरतो, असे आम्हांला वाटे. पण अमेरिकेत कामावर असताना दगावणाऱ्या जवानांत हृदय बंद पडून जाणारेच जास्त असतात. म्हणून तिथे पुष्कळ बंबखान्यांतच तालीम असते.

ती बांधावी कशी? आधी काम पाहावे. तिकडे भरतीच्या एका परीक्षेत अंगावर सुमारे २३ किलो वजन बांधतात. खांद्यांवर आणखी ११ किलो देऊन ३ मिनिटे पायऱ्या चढायला लावतात. पुढे ७५ किलोचा बाहुला ओढून न्यायचा, जणू बेशुद्ध माणूसच! मग तालमीत पायऱ्या हव्यात, ओढायला ओझे हवे, दोर हवा. नुसते दंड फुगवून काय होणार? आमच्या शाळेतही असे दंडवाले होते. पाण्याची घागर उचलली की धापा टाकीत!

तालीम गाड्यांच्या धुरापासून लांब असावी. आगीतले कपडे आत आणू नयेत, त्यांची काजळी बाधते. दारापर्यंतची वाट मोकळी ठेवावी. आणि पाळीवर असताना दम संपेपर्यंत मेहनत करू नये. घंटा केव्हाही वाजते, अन् लगेच कुणाच्या तरी घराचा जिना चढायचा असतो.