वैलावरचे पाणी



आज मी तुमच्याशी अंघोळीच्या एका बादलीविषयी बोलणार आहे. ही बादली मला बंगळुरूत भेटली, एम.टेक.च्या वर्गात, फळ्यावर.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने यायचे, यशवंतपूरला उतरायचे आणि टाटा इन्स्टिट्यूट कुठे म्हणून विचारायचे. भारतीय विज्ञान संस्थेला बंगळुरूची जुनी माणसे आजही याच नावाने ओळखतात. जमशेटजी टाटांची कल्पना, म्हैसूर दरबाराने दिलेली जमीन आणि 1909 साली झालेली स्थापना, हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. मी तिथे यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेलो, तेव्हा थर्मोडायनॅमिक्स आपल्याला येते अशी माझी खात्री होती. पदवीच्या वर्गात आम्ही शेकडो गणिते सोडवली होती. वाफेचा दाब दिलेला असायचा, स्टीम टेबलात बोट फिरवायचे, एन्थाल्पी काढायची, टर्बाइनचे काम काढायचे.

इथे स्टीम टेबल बराच काळ उघडलेच नाही. हर्बर्ट कॅलन यांच्या 1960 सालच्या पुस्तकाची वाट धरून सरांनी सुरुवात केली ती थेट एन्ट्रॉपीपासून. एन्ट्रॉपी नावाची एक राशी आहे, एवढे आधी मान्य करा, म्हणाले. मग तापमान म्हणजे काय? तर बाकी सगळे तसेच ठेवून एन्ट्रॉपी जराशी वाढवली की ऊर्जा ज्या दराने वाढते, तो दर. थर्मामीटर हातात धरून तापमान शिकलेल्या मुलाला हे पचायला वेळ लागतो. मला तीन आठवडे लागले. मग एका रात्री वसतिगृहाच्या खोलीत तीच मांडणी पुन्हा करताना जाणवले, की उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडेच का जाते हे आता मला गृहीत धरावे लागत नव्हते. ते माझ्या डोळ्यांसमोर कागदावर सिद्ध होत होते. त्या रात्री मी खोलीत थांबू शकलो नाही. आवारातल्या झाडांखालून कितीतरी वेळ चालत राहिलो.

पुढे एक्सर्जी आली. हा शब्द झोरान रांट या स्लोव्हेनियन अभियंत्याने 1956 साली घडवला. त्यामागच्या कल्पनेचे मूळ मात्र सादी कार्नो या फ्रेंच तरुणाच्या 1824 सालच्या छोट्या पुस्तकात आहे. आपल्या भागातल्या श्रोत्यांना ती पटकन समजेल. कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन कळते, पण त्यात साखर किती हे उताऱ्यावरून कळते. एक्सर्जी म्हणजे ऊर्जेचा उतारा. भोवतालच्या तुलनेत त्या ऊर्जेतून जास्तीत जास्त किती काम निघू शकेल, तो आकडा. ऊर्जा नष्ट होत नाही, हे आपण शाळेत शिकतो. एक्सर्जी नष्ट होते, रोज, घराघरात, आणि गेलेली परत येत नाही.

आता ती बादली. 20 लिटर पाणी, 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायचे. लागणारी वीज साधारण 0.58 युनिट. विजेचा उतारा पूर्ण असतो. आदर्श यंत्र मिळाले, तर एवढ्या विजेने तीच भरलेली बादली साडेदहा किलोमीटर उंच नेता येईल, एव्हरेस्टच्याही वर. आणि तापलेल्या पाण्यात काम करण्याची ताकद किती उरली? आम्ही लॉगॅरिदम घेऊन हिशेब केला. चार टक्के. गरम पाण्यातली एक्सर्जी त्या बादलीला जेमतेम 430 मीटर उचलेल. बंगळुरूच्या सपाटीवरून नंदी डोंगराचा माथासुद्धा गाठता यायचा नाही. उरलेले 96 टक्के गिझरच्या कॉइलमध्येच संपले. गिझर बिघडलेला नव्हता, त्याने सगळी वीज इमानाने उष्णतेत बदलली होती. शिवाय आपण पाणी 60 अंशांपर्यंत तापवतो आणि मग त्यात विसण घालतो. त्या मिसळण्यातही ऊर्जा एक ज्यूलही कमी होत नाही, एक्सर्जी मात्र आणखी जाते.

वर्गात क्षणभर कुणी बोलले नाही. रायचूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा हजार अंशांच्या वर जळतो, त्याच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होऊन तारेत येतो, आणि एवढ्या कष्टाने मिळवलेली ती वीज आपण 45 अंशांच्या पाण्यासाठी खर्चतो.

संस्थेच्या याच आवारात हा प्रश्न फार गंभीरपणे घेतलेला एक माणूस होऊन गेला. अमूल्यकुमार रेड्डी. मूळचे विद्युतरसायनशास्त्रज्ञ, त्या विषयावरच्या जगभर वापरल्या गेलेल्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. 1974 साली त्यांनी संस्थेत ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र उभे केले. लोकांना युनिटे नको असतात, शिजलेले अन्न, उजेड आणि गरम पाणी हवे असते, अशी त्यांची भूमिका होती. मागणी तिथून मोजायला सुरुवात करा, असे ते सांगत. 1991 साली त्यांनी सहकाऱ्यांसह कर्नाटकाच्या विजेचा पर्यायी आराखडा मांडला. त्यात विजेच्या गिझरऐवजी सौर बंब हाही एक उपाय होता. सरकारी नियोजनाने धरलेल्या विजेच्या निम्म्याहून कमी विजेत राज्याचे भागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभियंत्याने धोरणावर बोलताना किती काटेकोर असावे, याचा तो आराखडा माझ्यासाठी आजही नमुना आहे. आज बंगळुरूच्या गच्च्यांवर सौर बंबांच्या रांगा दिसतात. टाकी वर, पत्रे खाली. तापलेले पाणी हलके होऊन स्वतःच टाकीत चढते, पंप लागत नाही.

‘अस्त्र’चे दुसरे काम मला जास्त जवळचे. अस्त्र ओले. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. ही तीन भांड्यांची चूल होती. एकाच आगीची झळ पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जाते आणि मग धुराड्यातून बाहेर. तिची माहिती वाचताना मला एकदम आमच्या भागातले साखर कारखाने दिसले. चिपाडावर बॉयलर पेटतो. जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज देते, आणि ताकद खर्चून बाहेर पडलेली एक्झॉस्ट वाफ उसाचा रस उकळते. जुने बॉयलर 21 किलो दाबाचे होते, पुढे 67, 87, 110 किलोपर्यंत गेले. चिपाड तेवढेच, पण रस उकळायच्या आधी त्यातून काढलेले काम कितीतरी जास्त. कडक आच कडक कामाला आणि उरलेली ऊब हलक्या कामाला, हा क्रम कारखान्याने पाळला आणि त्या तीन भांड्यांच्या चुलीनेही पाळला.

आणि आमच्या आजीनेही. आमच्या स्वयंपाकघरात चुलीला वैल आहे. तव्याखालून सुटलेली झळ वैलातून बाहेर पडते. त्यावर कधी दूध, कधी डाळ, पहाटे मात्र अंघोळीच्या पाण्याचे तपेले. त्या चुलीचा धूर आजीच्या डोळ्यांत आयुष्यभर गेला आहे. म्हणून चुलीच्या गुणगानात मला ‘अस्त्र’च्या धुराड्याचा विसर पडू द्यायचा नाही. धुराडे आमच्याकडे फार उशिरा आले.

पहिल्या सत्राची परीक्षा देऊन मी घरी आलो, तेव्हा बरोबर एक थर्मामीटर आणला होता. पहाटे आजी भाकऱ्या थापायला बसली. मी तपेल्यात थर्मामीटर सोडून शेजारी बसलो आणि दर पाच मिनिटांनी वहीत आकडा लिहू लागलो. सुरुवातीला 19 अंश होते. शेवटची भाकरी टोपल्यात पडली तेव्हा पारा 46 वर होता. आजीने पाण्यात बोट बुडवून पाहिले आणि म्हणाली, “विसण लागायचं न्हाई. जा अंघोळीला.”